चार सुती वायसर

गावाहून परत आल्या दिवशी मिस्त्रींनी माझ्या खोक्यातला एक वायसर, म्हणजे नटाखाली बसवायची भोकाची चकती, उचलला आणि टेबलावरच्या बोल्टवर सोडला. तो खुळखुळत खाली गेला. मिस्त्रींनी बोल्ट हलवून पाहिला, वायसर इकडून तिकडे सरकला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाय, हे कोणी आणले?"

"मीच," मी म्हटलं. "तुम्हीच म्हणाला होतात ना, मोठे घे म्हणून?"

त्यांनी त्यावर नट फिरवला आणि बोल्ट उलटा करून माझ्या डोळ्यांसमोर धरला. नट वायसरवर नीट बसलेलाच नव्हता. भोक इतकं मोठं होतं, की नटाचे फक्त कोपरे काठावर टेकत होते, आणि वायसर जरा बाजूला सरकला की तेवढेही नाही.

"बोल्ट तीन सुती," ते म्हणाले, "आणि वायसर चार सुती. किती झोपाळे गेले ह्या मालाचे?"

"चार."

मी चलनांचं पुस्तक काढून पुन्हा मोजले. चारच.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. घाटकोपरला पत्र्याच्या छपराचा एक गाळा होता, तिथे झोपाळे बनायचे. मी तिथलं स्टोअर सांभाळायचे, म्हणजे कोपऱ्यात लोखंडी जाळीमागे बसून सामान द्यायचं, घ्यायचं, संपलं की बाजारातून आणायचं आणि माल बाहेर गेला की चलन फाडायचं. नव्या बिल्डिंगांच्या हॉलमध्ये झोपाळा टांगायची तेव्हा टूम होती, त्यामुळे काम बरं चालायचं. माझे वडील गिरणीत होते. संप लागून वर्ष उलटून गेलं होतं आणि ते भांडुपच्या आमच्या खोलीत दिवसभर बसून असायचे, नाहीतर गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे. घर माझ्या नोकरीवर चाललं होतं.

झोपाळ्याची रचना साधी असते. सागवानी फळी, तिच्या चार कोपऱ्यांत चार भोकं. प्रत्येक भोकातून एक बोल्ट जातो. त्याला वर गोल डोळा असतो, त्यात कडी अडकवायची. फळीच्या खाली वायसर आणि नट. म्हणजे झोपाळ्यावर बसलेल्या माणसाचं सगळं वजन शेवटी त्या चार नटांवर येतं. नट लहान असतो, तो लाकडात घुसतो. घुसू नये म्हणून मध्ये वायसर.

मिस्त्री भावकीतल्या लग्नासाठी पंधरा दिवस मालवणला गेले होते. जाताना मला सांगून गेले, "वायसर संपत इलेत. ह्या वेळेक मोठे घे, गेल्या वेळचे लाकूड खातत." एवढंच. मी स्टेशनजवळच्या हार्डवेअरवाल्याकडे गेले. त्याने तीन सुती, म्हणजे तीन अष्टमांश इंची, वायसर दाखवले, ते पूर्वीसारखेच लहान आणि पातळ होते. मी म्हटलं, मोठे हवेत. तो म्हणाला, "बेन, बडा चाहिए तो चार सूत का ले जाव. चालेल." मी एक हातात घेतला. रुंद होता, वजनदार होता. मला फार हुशार असल्यासारखं वाटलं.

भोक मोठं आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत असे. ते खरं नाही. लक्षात आलं होतं. नट बसला की भोक झाकेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि पिशवी भरली. मिस्त्रींच्या जागी रोजंदारीवर आलेल्या फिटरने मी दिलेले वायसर निमूट लावले आणि झोपाळे टेम्पोत चढवले.

"दुकानदारानं चुकीचे दिले असं सांगूया मालकांना," त्या दिवशी बोल्ट खाली ठेवून मिस्त्री हळूच म्हणाले.

मी नको म्हटलं. पण त्या दिवशी मालकांना खरंही सांगितलं नाही. सबंध दिवस जाळीमागे उठबस करत राहिले. खोकी काढली, पुन्हा लावली. घरी बसने जाताना समोरच्या सीटच्या पायांतले बोल्ट बघत बसले. चाळीत शेजारच्या आजी बाळाला पाळण्यात घालून झोके देत होत्या, तर मी त्या पाळण्याच्या आकड्याला हात लावून पाहिला. आई म्हणाली, "काय गं, काय हरवलंय तुझं?"

"काही नाही."

वडील चालता चालता थांबले, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा चालू लागले. त्यांना नोकरीचं काही सांगायची माझी हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर मी मालकांच्या टेबलासमोर उभी राहिले. ते मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून या धंद्यात पडलेले गृहस्थ होते. वाईट नव्हते, पण गिऱ्हाईक तुटण्याची त्यांना सतत धास्ती. मी सगळं सांगितलं.

"तक्रार आली का कोणाची?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग? अगं, दहा-बारा दिवस झाले माल जाऊन. पडायचा असता तर पडला असता."

"हळूहळू घुसतो तो नट, असं मिस्त्री म्हणतात."

"मिस्त्री काहीही म्हणतील. आपणच दारात जाऊन सांगायचं, की आमचा झोपाळा पडेल? सगळ्या बिल्डिंगभर होईल. पुढचं गिऱ्हाईक येईल का? तक्रार आली की बघू. जा, काम कर."

मी गेले, पण काम झालं नाही. दोन चलनांवर चुकीचे पत्ते लिहिले. चार घरांचे ते चार पत्ते मात्र न बघता पाठ झाले होते. घाटकोपर, विक्रोळी, मुलुंड आणि बोरिवली.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मिस्त्रींनी कोपऱ्यातून लोखंडी पट्टी ओढून काढली. मला म्हणाले, "पकड." बाजारात मनासारखा वायसर मिळत नसेल तर तो पट्टीतून कापायचा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी सोळा आणि वर दोन जास्तीचे चौकोनी तुकडे कापले आणि प्रत्येकाच्या मध्ये बरोबर तीन सुताचं भोक पाडलं. मी कानशीने कडा घासल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्या हातांना काहीतरी उपयोगाचं काम मिळालं होतं. घासता घासता ते मला सांगत होते. लाकडाला लागून नेहमी सपाट आणि जाड वायसर. बाहेरून मोठा चालेल, पण भोक बोल्टाच्या मापाचंच. त्यावर स्प्रिंगचा वायसर, कारण झोपाळा हलतो आणि हलणाऱ्या वस्तूचा नट आपोआप सैल होतो. स्प्रिंगवाला थेट लाकडाला कधी लावायचा नाही, तो लाकूड कुरतडतो. मग नट, आणि त्याच्या डोक्यावर दुसरा नट.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?" मी जरा रागानेच विचारलं.

"तू इचारलंस नाय," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आणि माका वाटला नाय तुका सांगूक होया. चूक माझी पण हा."

रविवारी आम्ही दोघं निघालो. मालकांना विचारलं नाही. काय सांगायचं ते बसमध्ये ठरवलं, की नव्या झोपाळ्यांची मोफत तपासणी आहे.

घाटकोपरच्या घरात एक म्हातारे गृहस्थ झोपाळ्यावर पेपर वाचत बसले होते. ते उठेनात. "झोपाळ्याला तपासायचं काय असतं? मशीन आहे का ती?" मी गोड बोलत राहिले. त्यांनी अख्खं पान वाचून संपवलं, घडी घातली आणि मग उठले. मिस्त्रींनी फळीखाली दोन स्टुलं लावून भार उचलला, नट काढले, चारही वायसर बदलले. तिथे एकच वायसर बाजूला सरकला होता, बाकीचे ठीक होते. मला जरा बरं वाटलं. कदाचित मालकांचंच बरोबर असेल.

विक्रोळीला कंपनीच्या वसाहतीतलं घर. तिथे तीन मुलं झोपाळ्यावर उभी राहून जोरजोरात झोके घेत होती. त्यांच्या आईने आम्हाला चहा दिला, आणि मिस्त्रींनी खालून काढलेले वायसर माझ्या हातात ठेवले. सपाट राहिलेच नव्हते. मध्ये खोलगट होऊन कुंकवाच्या वाटीसारखे झाले होते. मी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"तीन पोरां उडी मारतत," मिस्त्री जिना उतरताना म्हणाले, "म्हणान लवकर वाकले."

"मुलुंडला कोण असेल?"

"माका काय म्हायत? चल."

आग्रा रोडने बस रखडत रखडत निघाली. मी सीटवर बसू शकले नाही. जागा होती तरी दांडा धरून उभी राहिले.

मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर दारासमोर बायकांच्या चपलांचा ढीग होता. आतून गाण्याचा आणि हसण्याचा आवाज येत होता, मोगऱ्याचा वास जिन्यापर्यंत आला होता. दार उघडंच होतं. हॉलच्या मध्यभागी आमचा झोपाळा, कड्यांना वरपासून खालपर्यंत फुलांच्या माळा गुंडाळलेल्या, आणि त्यावर हिरवी साडी नेसलेली, फुलांचे दागिने घातलेली एक गरोदर मुलगी. डोहाळेजेवण चाललं होतं. एक पुरुष कॅमेरा घेऊन उभा होता, तो म्हणत होता, "वहिनी, मध्ये सरका. दोघीतिघी बसा ना बाजूला. काकू, तुम्ही पण बसा."

एक जाड्याशा काकू पदर सावरून बसायला निघाल्या.

"बसू नका!" मी दारातून ओरडले.

गाणं थांबलं. वीस-पंचवीस बायका माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या मागे हातात पान्यांची पिशवी घेऊन मिस्त्री.

"कोण तुम्ही?" त्या मुलीच्या सासूबाई पुढे आल्या.

"आम्ही झोपाळ्याच्या कारखान्यातून. तपासणी..."

"आत्ता? डोळे आहेत ना? घरात कार्य चाललंय दिसत नाही? उद्या या."

"पाच मिनिटं लागतील फक्त."

"अहो बाई, भरल्या झोपाळ्यावरून तिला उठवायचं? अपशकुन करायला आलात का?"

झोपाळा पडेल हे शब्द त्या घरात, त्या दिवशी, त्या मुलीसमोर उच्चारायचे कसे? तेवढ्यात ती मुलगीच एका हाताने कडी धरून उठली.

"आई, बघू दे ना त्यांना. नाहीतरी मला पाय मोकळे करायचेच आहेत. कधीपासून बसवून ठेवलंय."

मिस्त्री खाली मान घालून आत शिरले. इतक्या बायकांमध्ये त्यांना इतकं अवघडलं होतं, की ते जवळजवळ रांगतच झोपाळ्याखाली गेले. मी स्टुलं मागितली. कोणी देईना, मग त्या मुलीनेच नणंदेला सांगून आतून आणवली. मिनिटभराने मिस्त्रींनी मला खाली बोलावलं. फळीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात त्यांनी बोट लावून दाखवलं. तिथे नट वायसरच्या भोकातून अर्धा आत गेला होता. वायसर तिरका वाकून वर उचलला होता आणि नटाभोवतीचं लाकूड चुरडून भुसा झालं होतं. मी बोट लावलं तर तो भुसा बोटाला लागला.

"तिघी बसल्या असत्या तर?" मी कुजबुजले.

"तोंड बंद ठेव आणि पाना दी."

त्यांनी चारही कोपरे नीट बांधले. चुरडलेल्या जागी एक तुकडा जास्तीचा दिला. स्प्रिंग, नट, वर दुसरा नट. मग स्टुलं काढली, स्वतः झोपाळ्यावर बसले आणि दोन जोरदार झोके घेतले. फुलांच्या पाकळ्या त्यांच्या टकलावर पडल्या. बायका हसायला लागल्या. मिस्त्री मला म्हणाले, "तू पण बस." मी बसले. कामावरच्या साध्या साडीत, हातांना ग्रीस, त्या फुलांच्या झोपाळ्यावर मालवणच्या मिस्त्रीबरोबर मी झोके घेत होते. सासूबाई म्हणाल्या, "झालं का तुमचं डोहाळेजेवण?" तेव्हा सगळ्याच हसल्या, आणि कोणीतरी पुन्हा गाणं धरलं.

मी मोरीत हात धूत होते तेव्हा ती मुलगी मागे येऊन उभी राहिली. माझ्याच वयाची असेल. जवळून बघितलं तर चेहरा थकलेला होता.

"खरं सांग," ती म्हणाली. "काय होतं?"

मी रुमालात बांधलेला तो वाकडा वायसर काढून दाखवला आणि काय होऊ शकलं असतं ते सांगितलं. तिने तो हातात घेतला नाही.

"सकाळपासून मी दहा वेळा बसले असेन."

"हो."

"कोणी आणले होते हे?"

"मी."

"आणि कधी कळलं तुला?"

"गुरुवारी."

"मग गुरुवारीच का नाही आलीस?"

मालकांनी नाही म्हटलं, हे मला सांगता आलं असतं. पण गुरुवारी मी मालकांना विचारलंच नव्हतं. मी वायसर पुन्हा रुमालात बांधला. ती म्हणाली, "आईंना सांगू नकोस. त्या झोपाळाच काढून टाकतील, आणि मला तेवढीच एक जागा आहे या घरात टेकायला."

निघताना तिने आम्हाला कागदात बांधून करंज्या दिल्या. मिस्त्रींनी बसस्टॉपवरच चार खाल्ल्या. माझ्या मी त्यांनाच दिल्या. अंधार पडला होता, बोरिवली त्या दिवशी राहिलंच.

सोमवारी मी कामावर पोचायच्या आधीच त्या सासूबाईंचा फोन येऊन गेला होता. ऐन कार्यक्रमात तुमची माणसं घुसली, म्हणून. मालकांचा चेहरा लाल होता.

"मी नाही म्हणालो होतो ना? माझ्या नावावर मोफत तपासणी? उद्या सगळे मागतील! घर कसं चाललंय तुझं ते माहीत आहे मला, म्हणून..."

मी रुमाल सोडून वायसर त्यांच्या टेबलावर ठेवला. "हा मुलुंडचा. गरोदर बाई बसली होती त्यावर."

त्यांनी तो उचलला, भोकातून बोट घातलं, पुन्हा खाली ठेवला. बराच वेळ दुसऱ्या कुठल्यातरी कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जा जागेवर."

त्या दिवशी दर अर्ध्या तासाने मला वाटत होतं, की आता हिशेब करून घरी पाठवतील. दारात कोणी आलं तरी दचकत होते. संध्याकाळी मिस्त्रींकडून निरोप आला, की उद्या दोघांनी बोरिवलीला जायचं, मस्टरवर सही करून, म्हणजे कामाच्याच वेळात. मालक मला स्वतः काही बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

बोरिवलीच्या घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, आजोबा-आजी मुलीकडे नाशिकला गेलेत, कधी येतील माहीत नाही. झोपाळा आतच आहे, म्हणजे निदान कोणी बसत तरी नव्हतं. पण ते आजोबा-आजी एखाद्या दिवशी सामान घेऊन परत येणार, दमलेले, आणि आधी झोपाळ्यावर टेकणार, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जाईना. शेजारणीकडून नाशिकचा पत्ता घेतला. चार वायसर, चार स्प्रिंगवाले आणि चार जास्तीचे नट यांचं पार्सल केलं आणि सोबत पत्र लिहिलं. त्यात या वेळी तपासणीबिपासणी काही लिहिलं नाही. माझ्याकडून चुकीचे वायसर लागले आहेत, बदलल्याशिवाय कृपया बसू नये, असं सरळ लिहिलं.

उत्तर येईना. पोस्टमन गल्लीत दिसला की मी जाळीबाहेर यायचे. आठवडा गेला, दोन गेले, महिना गेला. मी आणखी एक कार्ड टाकलं. दोनदा कामावरून परस्पर बोरिवलीला जाऊन कुलूप आहे ना ते बघून आले. घरी आई चिडायची, एवढा वेळ कुठे होतीस? एकदा वडिलांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मालकांना तू स्वतः सांगितलंस?" मी हो म्हटलं. "मग ठीक," ते म्हणाले आणि बऱ्याच दिवसांनी माझ्याशेजारी बसून जेवले.

दीड महिन्याने एक निळं आंतर्देशीय पत्र आलं. अक्षर बारीक आणि सरळ होतं. मी ते उभ्या उभ्याच वाचलं आणि मग मिस्त्रींना वाचून दाखवलं. आजोबांनी लिहिलं होतं, की पार्सल मिळालं, प्रकृतीमुळे उत्तराला उशीर झाला. आपण सगळी नोकरी रेल्वेच्या वर्कशॉपात काढली आहे. झोपाळा घरी आला त्याच दिवशी आपण खालून पाहिला आणि तुमचे वायसर पसंत न पडल्याने काढून आपल्याजवळचे लावले. त्यामुळे काळजी नसावी. पाठवलेले वायसर चांगले आहेत, उपयोगी पडतील. मात्र उजवीकडच्या पुढच्या बोल्टचे आटे नीट पडलेले नाहीत, त्याकडे कारखान्याने लक्ष द्यावे.

मला हसू आलं. दीड महिना मी ज्या झोपाळ्यासाठी बोरिवलीच्या खेपा घातल्या, तो पहिल्या दिवसापासून सुखरूप होता.

मिस्त्रींना मात्र हसू आलं नाही. "आटे?" ते म्हणाले. "माझे आटे?" पत्र त्यांनी माझ्या हातातून घेतलं, जणू काही स्वतः वाचलं तर मजकूर वेगळा निघेल. बोल्टांना आटे पाडायचं काम त्यांच्याशिवाय कोणी करत नसे, आणि ते बोल्टही त्यांनी गावाला जाण्याआधीच तयार करून ठेवले होते. त्या दिवशी त्यांनी मागच्या खोक्यातले सगळे बोल्ट टेबलावर ओतले आणि एकेकावर नट फिरवून बघायला बसले. जेवायलाही उठले नाहीत. मधूनमधून ते मोठ्याने "रेल्वेवालो!" असं म्हणत आणि पुढचा बोल्ट उचलत. तिसऱ्या की चौथ्या मुठीत त्यांना एक सापडला, नट अर्ध्यावर अडकणारा. त्यांनी तो कोणाला दाखवला नाही, पण मी जाळीतून बघितलं होतं.